एका शिक्षिकेच्या पगारात परदेशात चौघांचं भागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही माध्यमिक वर्गांना गणित शिकवता. परदेशातल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेकडून दोन वर्षांच्या कराराचं ऑफर लेटर आलंय आणि पगार आत्ताच्या जवळपास तिप्पट आहे. तुमच्याबरोबर यायचं तर नवऱ्याला नोकरी सोडावी लागेल. मुलं ११ आणि ६ वर्षांची आहेत, आणि सासू-सासऱ्यांना दरमहा पैसे पाठवणं थांबवता येणार नाही. एका पगारात हे सगळं जमेल का, असं तुम्ही विचारलंय. देशाचं नाव लिहिलेलं नाही, कदाचित मुद्दामच. त्यामुळे हो किंवा नाही असं सरळ उत्तर मला देता येणार नाही. पण उत्तर कशावर ठरतं ते नक्की सांगता येईल. मी बरीच वर्षं अशा शाळांमध्ये विज्ञान शिकवलंय आणि पुढे शिक्षकांच्या भरतीत शाळेच्या बाजूनेही बसलोय. ऑफर हातात घेणाऱ्यांची घालमेल आणि ती ऑफर तयार करणाऱ्यांचे हिशोब, दोन्ही जवळून पाहिलेत.

आधी ते 'तिप्पट' बाजूला ठेवू, कारण त्यात दोन चुकीच्या आकड्यांची तुलना आहे. तुमच्या पगाराची तुलना तुमच्याच पगाराशी करून उपयोग नाही. घरात आज दोघांचं उत्पन्न येतं. समजा नवऱ्याचा पगार तुमच्या दीडपट आहे, तर घरात येणारी रक्कम तुमच्या पगाराच्या अडीचपट झाली. तिप्पट पगार घेऊन तुम्ही एकट्या कमावू लागलात, तर घराचं उत्पन्न अडीचवरून तीनवर गेलं, म्हणजे पाचव्या हिश्शानेच वाढलं. तेही महागड्या ठिकाणी राहून. आज स्वतःच्या किंवा सासरच्या घरात राहत असाल तर भाडं शून्य आहे, तिथे ते शून्य असेलच असं नाही. म्हणून पगाराचा आकडा मी शेवटी पाहतो. आधी तीन गोष्टी पाहतो: घर कोण देतंय, मुलांची फी कोण भरतंय आणि नवऱ्याला तिथे कायदेशीर काम करता येईल का. बाकी सगळं या तिघांच्या मागून येतं.

पगार १०० धरून एक हिशोब मांडतो. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या शहराचे तुम्ही भरा. भाडं ३०. किराणा, वीज, प्रवास, फोन, कपडे, औषधं मिळून ३०. सासू-सासऱ्यांना १०. इथपर्यंत ७० झाले. एका मुलाची पूर्ण फी २५ असेल आणि शाळा एका मुलाची पूर्ण व दुसऱ्याची निम्मी माफ करत असेल, तर फीचे साडेबारा जातील आणि हातात साडेसतरा राहतील. त्याच शाळेने दुसऱ्या मुलाला काहीच सवलत दिली नाही तर उरतील ५. आणि दोघांचीही फी तुम्हीच भरायची असेल तर दर महिन्याला २० ची तूट. पगार तोच, पण एका कुटुंबाची दोन वर्षांत चांगली शिल्लक पडते आणि दुसरं कर्ज काढून नोकरी करत असतं. आता शाळेने घर दिलं असं धरून हाच हिशोब पुन्हा करा, चित्र आणखी बदलेल. म्हणूनच कमी पगाराची पण घर आणि दोन्ही मुलांची फी देणारी ऑफर जास्त पगाराच्या ऑफरपेक्षा चांगली असू शकते. एकटे शिक्षक ज्या ऑफरवर मजेत राहतात, त्याच ऑफरवर चौघांचं कुटुंब का रडकुंडीला येतं, त्याचं कारणही हेच.

फीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण माझ्या पाहण्यात सर्वात जास्त कुटुंबं इथेच अडकली आहेत. ऑफर लेटरमध्ये 'मुलांसाठी फी सवलत' एवढी एकच ओळ असते आणि लोक ती वाचून निर्धास्त होतात. त्या ओळीच्या पोटात बरेच प्रश्न असतात. किती मुलांना? किती टक्के? सवलत फक्त शिकवणी फीवर आहे, की प्रवेश शुल्क, बस, पुस्तकं, गणवेश आणि सहली यांवरही? बोर्डाच्या परीक्षांची फी त्यात धरली आहे का? तुमच्या मोठ्या मुलासाठी हा प्रश्न चार-पाच वर्षांत दारात येणार आहे, कारण आयजीसीएसई (दहावीच्या पातळीची) किंवा आयबी (बारावीच्या पातळीची) या आंतरराष्ट्रीय परीक्षांचे पैसे बहुतेक वेळा वेगळे घेतात. शिवाय इयत्ता वाढते तशी फी वाढत जाते. आज सहावीच्या फीवर केलेला हिशोब नववीत चालत नाही. आणि एक प्रश्न कोणीच विचारत नाही: त्या वर्गात जागा आहे का? सवलत पूर्ण आहे पण वर्ग भरलेला आहे, अशी वेळ येऊ शकते. मग मूल एक वर्ष दुसऱ्या शाळेत, पूर्ण फी भरून. जागेची हमी लेखी मागा. चांगल्या शाळेला यात काही वावगं वाटत नाही.

काही देशांत फीचा प्रश्नच उठत नाही. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत तुम्ही कामाच्या व्हिसावर असाल तर मुलं सरकारी शाळेत विनामूल्य शिकतात. तिथे पगार आखाती देशांपेक्षा कमी भासला, वर आयकर कापला गेला, तरी दोन मुलांची फी वाचते तेव्हा पारडं फिरू शकतं. उलट आखातात, चीनमध्ये किंवा आग्नेय आशियात परदेशी कर्मचाऱ्यांची मुलं बहुधा खाजगी शाळांतच जातात. तिथे शाळेची सवलत हाच तुमच्या पगाराचा मोठा भाग आहे असं समजा.

सवलत पगारात मिळते की पगाराबाहेर, यानेही फरक पडतो. चीनमध्ये परदेशी कर्मचाऱ्यांना घरभाडं, मुलांचं शिक्षण, भाषा शिकणं अशा काही गोष्टींवरचा खर्च वाजवी मर्यादेत आणि पावत्या देऊन करमुक्त मिळू शकतो. ही तरतूद २०२७ च्या अखेरीपर्यंत वाढवलेली आहे. तीच रक्कम पगार म्हणून घेतली तर तिच्यावर कर लागतो. म्हणजे शाळेचा खर्च तेवढाच आणि तुमच्या हातात मात्र कमी. कर लागणाऱ्या कुठल्याही देशात जाताना विचारा की ही रक्कम करारात कशी दाखवणार आहात.

आता नवऱ्याच्या कामाचा प्रश्न. पगार एकटीचा राहणार की सहा महिन्यांनी दुसरा सुरू होणार, हे त्याच्या पात्रतेपेक्षा त्याच्या व्हिसावर जास्त ठरतं. प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत आणि फरक जमीन-अस्मानाचा आहे. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला जवळपास कुठलंही काम करता येतं. हाँगकाँगमध्येही नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला काम करायची मुभा आहे. जपानमध्ये डिपेंडंट, म्हणजे अवलंबित कुटुंबीयाच्या व्हिसावरच्या व्यक्तीला वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. म्हणजे अर्धवेळ, कुटुंबाला हातभार लागेल पण दुसरा पूर्ण पगार मिळणार नाही. सिंगापूरमध्ये १ मे २०२१ पासून डिपेंडंट पासवर असलेल्यांना नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास काढावा लागतो. शिवाय मुळात डिपेंडंट पास मिळण्यासाठी तुमचा मासिक पगार किमान ६,००० सिंगापूर डॉलर असावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीत कुटुंबाला स्पॉन्सर करायला ४,००० दिरहॅम, किंवा ३,००० दिरहॅम आणि राहायची सोय, एवढी किमान अट आहे. जोडीदाराला तिथे काम मिळू शकतं, पण नोकरी देणाऱ्याने वर्क परमिट काढल्यावरच. चीनमध्ये कुटुंबीय म्हणून मिळालेल्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, त्यासाठी कामाचा परवाना स्वतंत्रपणे मिळवावा लागतो.

अमेरिकेचं प्रकरण आणखी वेगळं आहे, आणि शिक्षकांना ते ठाऊक असायला हवं, कारण तिथे परदेशी शिक्षक मोठ्या संख्येने जे-१ या एक्स्चेंज व्हिसावर जातात. हा व्हिसा ३ वर्षांचा असतो आणि फार तर आणखी २ वर्षं वाढतो. जोडीदार जे-२ वर जातो आणि कामाच्या परवान्यासाठी अर्ज करू शकतो. पण नियम असा की त्याची कमाई जे-१ वाल्या शिक्षकाचा चरितार्थ चालवण्यासाठी नाही. म्हणजे परवाना मागताना, आम्हाला एका पगारात भागत नाही म्हणून मला काम हवंय, असं म्हणायची सोयच नाही. दोघांच्या कमाईवर संसाराचा हिशोब बांधणाऱ्यांनी हा व्हिसा घेताना दोनदा विचार करावा. एच-१बी वर गेलात तर जोडीदाराच्या एच-४ वर, तुमची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेलेली नसेल तर, काम करता येत नाही.

तुमचा नवरा शिक्षक आहे की नाही, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. आंतरराष्ट्रीय शाळांत दोन दर्जाचे करार असतात: परदेशातून आणलेल्याचा आणि स्थानिक भरतीचा. घर, विमानाचं तिकीट, फीची पूर्ण सवलत हे बहुधा पहिल्यात येतं. नवरा तुमच्या मागून डिपेंडंट म्हणून आला आणि तिथे पोचल्यावर शाळेत लागला, तर तो स्थानिक भरतीत धरला जातो. काम तेच, वर्ग तेच, पण सोयी कमी. म्हणून दोघंही शिक्षक असाल तर वेगवेगळे अर्ज करू नका. जोडी म्हणून अर्ज करा आणि दोन्ही करार एकाच वेळी हातात घ्या. शाळांना जोडपी आवडतात, कारण एका घरात दोन शिक्षक बसतात. ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे, ती मुलाखतीत वापरा.

कुटुंबामागे डोकेपट्टी लागणारे खर्च असतात, ते ऑफर लेटरमध्ये दिसत नाहीत. सौदी अरेबियात परदेशी कर्मचाऱ्याच्या प्रत्येक अवलंबितामागे शुल्क आहे. २०१७ मध्ये महिना १०० रियालने सुरू झालेलं हे शुल्क टप्प्याटप्प्याने वाढून २०२० पासून ४०० रियाल आहे. नवरा आणि दोन मुलं, म्हणजे तिघांचे वर्षाला १४,४०० रियाल. ते कोण भरणार, शाळा की तुम्ही? ब्रिटनमध्ये व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड. चौघांचे वर्षाला ३,६२२, आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचे पैसे आधीच एकरकमी. तीन वर्षांच्या व्हिसाला हे १०,८६६ पौंड होतात, पहिला पगार हातात पडण्याच्या कितीतरी आधी. दुबईत नोकरी देणाऱ्याने कर्मचाऱ्याचा आरोग्य विमा काढायचा असतो, कुटुंबीयांच्या विम्याची जबाबदारी मात्र त्यांना स्पॉन्सर करणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर येते. काही शाळा कुटुंबाचाही विमा देतात, काही देत नाहीत. देत असतील तर बाळंतपण, दात आणि आधीपासूनचे आजार त्यात आहेत का, हे पॉलिसीचा कागद मागवून पाहा. 'फॅमिली इन्शुरन्स आहे' एवढ्यावर विसंबू नका.

कराराच्या कागदावर पगार किती तुकड्यांत विभागलाय तेही वाचा. मूळ वेतन आणि भत्ते वेगळे दाखवलेले असतात, आणि नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पुष्कळ ठिकाणी मूळ वेतनावर निघते. अमिरातीत पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचं मूळ वेतन आणि त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचं, असा नियम आहे. निदान एक वर्ष पूर्ण करावं लागतं. तुमच्या दोन वर्षांचे म्हणजे ४२ दिवस. एकूण पगार १०० पण मूळ वेतन ५० असेल, तर हे ४२ दिवस प्रत्यक्षात २१ दिवसांच्या पगाराइतकेच. सौदीत हिशोब वेगळा आहे: पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी अर्ध्या महिन्याचा पगार आणि पुढे एक महिन्याचा. पण तुम्ही स्वतः राजीनामा दिलात तर दोन वर्षांच्या आत काहीच मिळत नाही, पाच वर्षांपर्यंत एक तृतीयांश आणि दहा वर्षांपर्यंत दोन तृतीयांश मिळते. मुदत संपून बाहेर पडलं तर पूर्ण मिळते. मुलाच्या शाळेसाठी म्हणून वर्षाच्या मध्येच परतायचं ठरवलं की हे पैसे जातात.

ग्रॅच्युइटी म्हणजे पेन्शन नव्हे, हेही लक्षात असू द्या. आज तुमच्या पगारातून निवृत्तीसाठी काही कापलं जात असेल, तर परदेशी गेल्यावर ते थांबणार. जपानसारख्या ठिकाणी तुम्ही तिथल्या पेन्शन व्यवस्थेत पैसे भरता आणि देश कायमचा सोडल्यावर जास्तीत जास्त पाच वर्षांच्या हिशोबाने एकरकमी परत मागू शकता. आखातात तसं काही नाही. म्हणून शिल्लक मोजताना निवृत्तीचा हप्ता आधी वेगळा काढा आणि मग उरलेल्याला शिल्लक म्हणा.

आता एक गोष्ट, जी शाळा सहसा आपणहून सांगत नाही. पहिल्या तीन महिन्यांत पैसा सर्वात जास्त लागतो आणि तेव्हाच सर्वात कमी असतो. बहुतेक आंतरराष्ट्रीय शाळांचं वर्ष ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतं. पहिला पूर्ण पगार सप्टेंबरच्या शेवटी. त्याआधी घराचं डिपॉझिट, काही शहरांत कित्येक महिन्यांचं आगाऊ भाडं, भांडीकुंडी, गाद्या, मुलांचे गणवेश, व्हिसाचे शिक्के आणि वैद्यकीय तपासण्या. शाळा स्थायिक होण्याचा भत्ता देते का आणि तो पोचल्याबरोबर देते की पगारात मिळवून, हे विचारा. काही शाळा पहिल्या महिन्यात उचल देतात आणि पुढच्या पगारांतून कापतात. तेही चालेल, पण आधी कळलं पाहिजे. माझा नियम असा की चौघांच्या चार महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम स्वतःची असल्याशिवाय सगळ्या कुटुंबाने एकदम निघू नये. कर्ज काढून निघालात तर पहिलं वर्ष ते फेडण्यातच जातं.

दुसरं टोक जून-जुलैचं. पगार वर्षाचे १२ महिने मिळतो की १०? करार जूनमध्ये संपत असेल तर जुलै-ऑगस्टचा पगार देतात का? व्हिसा त्या दोन महिन्यांत चालू राहतो का? नवी नोकरी ऑगस्टअखेर सुरू होणार आणि जुनीचा पगार जूनला थांबणार, अशी दोन-अडीच महिन्यांची फट कुटुंबाला फार महागात पडते. एकटा शिक्षक ती फट मित्राकडे राहून काढू शकतो. दोन मुलांना घेऊन ते होत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले आत्तापासूनच साक्षांकनाला टाका. डिपेंडंट व्हिसा यांच्यावरच अडतो आणि याला आठवडे लागतात. चीनने ७ नोव्हेंबर २०२३ पासून अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा एकच शिक्का) मानायला सुरुवात केली, पण तुमच्या देशाच्या कागदांना तो चालतो का ते आधी तपासा. इतरत्र लांबचा रस्ता आहे का, ते पाहून घ्या. आणि कोणी एजंट नोकरी लावायची फी तुमच्याकडून मागत असेल तर तिथेच थांबा. कामगाराकडून भरतीचे पैसे घेऊ नयेत, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या करारातलं तत्त्व आहे आणि बऱ्याच देशांच्या कायद्यातही ते आहे. शिक्षक हवा असलेली शाळा एजंटला स्वतः पैसे देते.

सासू-सासऱ्यांना पाठवायच्या पैशांकडे वळतो. इथे दोन गळत्या असतात. एक पाठवण्याच्या खर्चाची. जागतिक बँकेच्या पाहणीप्रमाणे २०० डॉलर पाठवायला जगभरात सरासरी ६ टक्क्यांहून जास्त खर्च येतो. संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंतचं उद्दिष्ट ३ टक्क्यांचं ठेवलंय, त्यापासून आपण अजून लांब आहोत. यात दिसणारी फी थोडी असते, मोठा भाग विनिमय दरात लपलेला असतो. 'शून्य शुल्क' असं लिहिलेलं पाहून खूश होण्याआधी त्या दिवशीचा बाजारातला दर आणि तुम्हाला दिलेला दर यांची वजाबाकी करा. गणिताच्या बाईंना हे मी सांगायला नको! बँका सहसा सर्वात महाग पडतात. दर आठवड्याला थोडे पाठवण्यापेक्षा महिन्यातून एकदा पाठवणं स्वस्त पडतं.

दुसरी गळती चलनाची. पगार कुठल्या चलनात लिहिलाय? अमिरातीचा दिरहॅम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, सौदी रियाल १९८६ पासून ३.७५ ला. तिथे निदान डॉलरच्या हिशोबाने पगार हलत नाही. इजिप्तमध्ये मार्च २०२४ मध्ये तिथल्या पौंडाचा दर बाजारावर सोडला, तेव्हा डॉलरचा दर ३१ च्या आसपास होता तो ५० वर गेला. तिथे पूर्ण पगार स्थानिक चलनात घेणाऱ्याची घरी पाठवायची रक्कम डॉलरच्या हिशोबाने एका दिवसात तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटली. किराणा स्थानिक चलनातच घ्यायचा असतो, त्यामुळे एकट्याला हा फटका कमी बसतो. ज्याचं निम्मं घर दुसऱ्या देशात आहे त्याला तो पुरता बसतो. चलन डळमळीत असलेल्या देशाची ऑफर असेल तर निदान घरी पाठवायचा भाग डॉलर किंवा युरोत मिळावा, असं मागा. पुष्कळ शाळा पगार असा विभागून देतात.

'शिकवण्या घेऊन भर घालीन,' असं गणित-विज्ञानाचे जवळपास सगळेच शिक्षक म्हणतात. जपून. बऱ्याच देशांत तुमचा व्हिसा फक्त त्या शाळेपुरता असतो आणि बाहेर पैसे घेऊन शिकवणं म्हणजे व्हिसाचा भंग. चीनमध्ये २०२१ नंतर शिकवण्यांवरच कडक निर्बंध आले आहेत. अमिरातीने डिसेंबर २०२३ मध्ये खाजगी शिकवणीचा वेगळा परवाना सुरू केला. दोन वर्षांचा आहे आणि त्याला शुल्क नाही. तो काढून शिकवता येतं. तरी शाळेच्या करारातलं कलम वेगळं वाचा, कारण सरकारने परवानगी दिली तरी शाळा नको म्हणू शकते. एकूण काय, शिकवण्यांचं उत्पन्न हिशोबात शून्य धरा. मिळालं तर निवृत्तीच्या खात्यात टाका.

कराचा एक मुद्दा उरतो. आखाती देशांत पगारावर आयकर नाही म्हणून सगळा पगार आपला, असं समजलं जातं. ते तिथल्यापुरतं खरं. मायदेशी करासाठी तुम्ही रहिवासी धरल्या जाता की अनिवासी, हे त्या वर्षी तुम्ही कुठे किती दिवस होतात त्यावर ठरतं आणि निघायची तारीख त्यात महत्त्वाची असते. निघण्याआधी एकदा कर सल्लागाराकडे बसा. ते पैसे वाया जात नाहीत.

एवढं सगळं मांडल्यावर माझं मत. तुमच्या जागी मी असतो तर सगळ्यांना घेऊन एकदम निघालो नसतो. शाळेचं पहिलं सत्र, ऑगस्ट ते डिसेंबर, एकटीने जाऊन पाहा. नवऱ्याची नोकरी तोवर चालू राहील, दुसरा पगार घरात येत राहील, आणि तुम्हाला भाडं, किराणा, फी यांचे खरे आकडे हातात येतील. प्रोबेशन बहुधा याच काळात संपतं, आणि तोवर शाळेने काढून टाकलं तर निदान चौघं परदेशात अडकलेले नसतील. हे सोपं नाही. सहा वर्षांच्या मुलाला आईशिवाय चार महिने काढायला लावणं हा पैशांचा प्रश्न नाही आणि त्याचं उत्तर माझ्या हिशोबात बसत नाही. काही कुटुंबांना ते मान्य नसतं आणि ते पूर्ण बरोबर असू शकतं. पण मग चार महिन्यांच्या खर्चाची अट ढिली करू नका. एकटीने जायचं ठरवलं, तर घर आणि फीची सवलत कुटुंब जानेवारीत आलं तरी तशीच मिळेल, हे आधी लेखी घ्या. काही शाळा एकटी आलेली पाहून एका खोलीचं घर देतात आणि पुढे ते बदलायला तयार होत नाहीत.

सही करण्याआधी शाळेला एकच ईमेल पाठवा आणि त्यात सगळे प्रश्न एकत्र विचारा: दोन्ही मुलांच्या फीची नेमकी सवलत आणि वर्गात जागा, घर किंवा भाड्याची रक्कम, चौघांचा विमा, व्हिसा आणि अवलंबितांचं शुल्क कोण भरणार, मूळ वेतन किती, पगार किती महिन्यांचा आणि कुठल्या चलनात, जाण्यायेण्याची तिकिटं किती जणांची, आणि करार पूर्ण न करता निघालात तर शाळा काय काय परत मागणार. शेवटचा प्रश्न विसरू नका. पहिल्या वर्षी सोडलं तर तिकीट आणि स्थायिक भत्ता परत घेण्याचं कलम पुष्कळ करारांत असतं. उत्तरं फोनवर दिली तर नम्रपणे म्हणा, 'हेच ईमेलवर लिहून पाठवाल का?' मुलाखतीच्या बाजूने बसलेला म्हणून सांगतो, असे प्रश्न विचारणाऱ्या उमेदवाराबद्दल आमचं मत वाईट होत नसे. वर्ष अर्धवट टाकून जाणारा शिक्षक शाळेलाही परवडत नाही.

आणि वाटाघाटीत एकच गोष्ट मागता येणार असेल तर पगारवाढ मागू नका. दुसऱ्या मुलाची पूर्ण फी माफ करा, असं मागा. शाळेच्या वेतनश्रेणीला हात लावायचा म्हणजे मुख्याध्यापकांना वरून परवानगी लागते. वर्गातली एक रिकामी खुर्ची शाळेला जवळजवळ फुकट पडते, त्यामुळे इथे 'हो' मिळायची शक्यता जास्त. गणित शिकवणारे सहज मिळत नाहीत. ते उत्तर येईपर्यंत सही थांबवा, आणि देश कुठला ते सांगायची तयारी झाली की लिहा, मग त्या देशाच्या हिशोबाने आकडे मांडू.